आबांची मोगरी आणि मायचं वावर

आमच्या घरी दोन मोगऱ्या होत्या. एक धुणं बडवायची; ती मोरीपाशी भिंतीला टेकून असायची आणि रोज कामाला यायची. दुसरी आबांची. ती ओसरीवर खुंटीला, मलमलच्या पिशवीत लटकलेली असायची, आणि तिला हात लावला की कानाखाली आवाज निघायचा. आबा म्हणजे माझे वडील. ते त्या वस्तूला ‘ड्रायव्हर’ म्हणत. गोल्फ नावाच्या खेळात पहिला लांब टोला ज्या काठीने मारतात ती ही काठी, टोकाला लाकडाचा गड्डा असलेली. मायने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा पदर सावरत ती एवढंच म्हणाली, "मोगरी शे." झालं. घरात तेच नाव पडलं आणि दोन दिवसांत गावात गेलं. आबांनी चिडून पाहिलं, समजावून पाहिलं, पण एकदा नाव पडलं की ते माणसाच्या बापालाही पुसता येत नाही.

परवा माझा नातजावई चहाचा कप हातात धरून अगदी सुतकी चेहऱ्याने बसला होता. मला वाटलं, नोकरी गेली की काय. तर म्हणे, "आजी, माझा ड्रायव्हर काही केल्या कन्सिस्टंट होत नाहीये." दर रविवारी पहाटे उठून हा गृहस्थ गाडी काढून गोल्फ खेळायला जातो, कसले कसले मार्गदर्शनाचे व्हिडिओ बघतो, आणि घरी आल्यावर बायकोने हाक मारली तर ओ देत नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तुझी बायको हुशार असेल तर तू असाच वाकडा मारत राहावास म्हणून प्रार्थना करील." त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याला आमच्या घरची हकिकत ठाऊक नाही, आणि ठाऊक असती तरी त्याने तिच्यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं असतं.

आमचं गाव लोणखेड्याच्या अलीकडे, गोमाईच्या काठावर. काळी जमीन, कपाशी, ज्वारी आणि मिरची. हिवाळा आला की आमच्या घराला मिरचीचा वास धरायचा. अंगणात लाल मिरची वाळत पडलेली, ओसरीवर देठं खुडणाऱ्या बाया बसलेल्या, आणि दिवसभर कोणाची ना कोणाची शिंक. आम्हा मुलांचे डोळे माघ सरेपर्यंत लालच असत. त्याच दिवसांत नदीकाठच्या आमराईत गोऱ्या प्रांतसाहेबांचा तळ पडायचा. तंबू, घोडे, कुत्री, खानसामा. साहेब जमीनमहसुलाचं काम बघायला येत असे, पण गावाला दिसे ते एवढंच की गावच्या कोंबड्या कमी होत आणि गावच्या लोकांच्या माना खाली जात. सगळ्यांत खाली कोणाची जायची, तर आबांची. गावात त्यांच्याइतका मोठा खातेदार दुसरा नव्हता. तरी साहेबाचा घोडा आला की हे पुढे होऊन रिकीब धरीत. घोडेवाल्याचं काम, घोडेवाला शेजारी उभा असताना. ते दृश्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आबांना ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचं होतं. म्हणजे पगार नाही, काम फारसं नाही, फक्त तालुक्याला जाऊन खुर्चीवर बसायचं आणि कोणी ढोर कोणाच्या पिकात घातलं याचा दंड सांगायचा. त्या खुर्चीसाठी त्यांनी आपली जीभसुद्धा बदलून टाकली होती. आमच्या घरात, गावात, शिवारात सगळे अहिराणी बोलत. आबा मात्र ‘आहे’, ‘नाही’, ‘आपली आज्ञा’ असं शाळेच्या पुस्तकातलं बोलत. आमच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं की टपली बसायची. बैलांशी तेवढे ते अहिराणीत बोलत, कारण बैलांना साहेबाची भीड नव्हती. मीही आज हे सगळं शुद्ध भाषेत लिहिते आहे, ती त्यांच्याच टपल्यांची करणी आहे.

तर साहेबाने एका हिवाळ्यात पडीक रानात टिनाचे डबे पुरून गोल्फ सुरू केला आणि खेळायला जोडीदार हवा म्हणून आबांना बोलावलं. निघताना आपली एक जुनी काठी त्यांना बक्षीस दिली. तिच्या गड्ड्याजवळची दोऱ्याची गुंडाळी सुटलेली होती. साहेबाला टाकायचीच होती ती. फुटका कप आपण पाणक्याला देतो तसली ती देणगी. आबांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरून घरी आणली. पुढच्या दसऱ्याला घरातला नांगर, विळे आणि आजोबांची तलवार यांच्या शेजारी ती मोगरी पाटावर ठेवली गेली. फुई, म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्याच घरी असायची. तिने भक्तिभावाने मोगरीला हळदकुंकू वाहिलं आणि वर आपट्याचं पान ठेवलं. तलवारीला कुंकू कमी पडलं.

आता आबांचा चेंडू. आबा काठी उचलीत, दम घेत, डोळे बारीक करीत, आणि असा काही टोला हाणीत की आवाज नदीपार जाई. चेंडू निघायचा समोर, लांबवरच्या पळसाकडे. आणि मग मधेच काही आठवल्यासारखा उजवीकडे वळायचा आणि बाभळीत जाऊन पडायचा. दर वेळी. त्या बाभळीत काटे तुडवत चेंडू शोधायचं काम घरच्या गड्यांना, आणि गडी कापसाला गेलेले असले की आम्हाला. साहेबाचा चेंडू तरी फार सरळ जायचा असं नाही, पण साहेबाचा वाकडा गेला की त्याला ‘वारा’ म्हणत आणि आबांचा वाकडा गेला की त्याला ‘पाटील’ म्हणून हसत.

मायचं एक वावर होतं, नदीकाठचं. माझ्या आईच्या वडिलांनी लग्नात आंदण म्हणून आमच्याच शिवारात विकत घेऊन दिलेलं. कागदावर आबांचं नाव, कारण बाईच्या नावावर जमीन लिहायची म्हटलं तर तलाठ्याची लेखणी अडायची. पण गावात त्याला कोणी आबांचं म्हटलं नाही. ते मायचं वावर. त्यात काय लावायचं, कोणती बाई खुडायला घ्यायची, कोणत्या मिरचीचं बी राखायचं, हे सगळं माय ठरवायची. आमच्या घरातली एवढीच एक जागा अशी होती जिथे मायला कोणाला विचारावं लागत नसे. तिथे ती बांधावर उभी राहिली की वेगळी दिसायची, डोक्यावरचा पदरसुद्धा जरा मागे सरकलेला असायचा. आणि तेच वावर सगळ्या शिवारात सपाट होतं. साहेबाच्या तंबूला लागून.

पुढच्या हिवाळ्यात एकदा साहेब आमच्या ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होता. सोबत शाळेचे मास्तर, दुभाष्याच्या ऐटीत. तशी साहेबाला मराठी येत होती, परीक्षा दिलेली, अगदी व्याकरणशुद्ध. पण आमची बोली त्याला कळत नसे. बोलता बोलता तो म्हणाला, की धुळ्याहून मित्र यायचे आहेत, नंदुरबारचे रेल्वेचे लोकही येतील, एखादे चांगले मैदान असते तर बरे झाले असते. आबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "साहेब, आमचं नदीकाठचं शेत अगदी सपाट आहे. ते आपल्याच सेवेला." आत माय उखळात मिरची कांडत होती. मुसळ थांबलं. मी तिच्याजवळ बसून लसूण सोलत होते. तिने हात पुसले, दाराआड येऊन उभी राहिली, आणि जिने कधी पाहुण्यांसमोर आवाज काढला नव्हता ती माझी आई सावकाश म्हणाली, "त्यास्ना चेंडू पहिले सरळ जाऊ द्या म्हना. लागोपाठ तीन डाव सरळ गया, आनि गावना चार जन बोलनात का सरळ गया, ते वावर लई ल्या. तवपावत मन्ही मिरचीले हात नको."

आबांचा चेहरा उतरला. साहेबाने मास्तरांना विचारलं, "बाई काय म्हणत आहेत?" मास्तरांनी भाषांतर केलं, की पाटलांचा चेंडू लागोपाठ तीनदा सरळ गेला आणि गावच्या चार जणांनी तो सरळ म्हटला तरच शेत घ्यावं, आणि त्यात आपल्याकडची दोन आदरार्थी विशेषणं घातली. साहेब मांडीवर थाप मारून हसला. "मान्य! अट अगदी न्याय्य आहे. पाटील, पुढल्या हिवाळ्यापर्यंत तुम्हाला अवधी आहे." बायकोला आत ढकलून देणं आबांना सहज जमलं असतं, पण साहेबच हसून मान्य म्हणाला, आता नाही कसं म्हणणार? त्यांनीही हसून मान डोलावली. त्यांना वाटलं असावं, चेंडू सरळ मारणं म्हणजे काय मोठं. माय पुन्हा उखळापाशी येऊन बसली. तिने कांडलेलीच मिरची पुन्हा कांडायला घेतली, आणि त्या दिवसापासून मी ठरवून आबांची वैरीण झाले.

त्या वर्षी आमच्या घरात जे चाललं त्याला वेडाशिवाय दुसरं नाव नाही. आबांनी मुंबईहून गोल्फचं इंग्रजी पुस्तक मागवलं. ते वाचणार कोण, तर मास्तर. मास्तरांचं इंग्रजी एवढंच की शब्दकोश हाताशी असला तर शब्द कळत आणि वाक्य कळत नसे. पण ‘कळलं नाही’ हे म्हणायला लागणारं इंग्रजीसुद्धा त्यांच्याकडे नव्हतं. ओसरीवर कंदील ठेवून ते गंभीरपणे सांगत, आबा ऐकत. एका प्रकरणाचं नाव मास्तरांनी लावलं ते असं: ‘सारथ्याच्या ठायी सातत्य कसे आणावे.’ ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा, शब्दकोशात तसं स्वच्छ दिलेलं. आबा म्हणाले, "म्हणजे गाडीवान?" मास्तर म्हणाले, "ग्रंथकाराचा आशय तसाच दिसतो. साहेब लोकांत खेळाडू मैदानावर स्वतःच्या वाहनाने जातो. वाहन हेलकावे खात गेले तर शरीर ढिले पडते." शरीर ढिलं पडलं की चेंडू वाकडा जातो, हे मग ओघाने आलंच.

आमचा दमणीवाला, म्हणजे बैलांची हलकी गाडी हाकणारा, रहीम शहाद्याचा, त्याच्या आजापासून टांगे-दमण्या हाकण्याचा धंदा. आबांनी त्याच्या ठायी सातत्य आणायला सुरुवात केली. त्याने रोज ठराविक वेळी झोपायचं, ठराविक वेळी उठायचं, विडी बंद, सकाळ-संध्याकाळ पेला भरून दूध. रहीम बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आपल्याला काही रोग झालाय आणि मालक सांगत नाहीत. "मालक, मेरे को क्या हुआ? मैं तो सीधाच चलाता," असं तो म्हणायचा. पुढे त्याचं भय गेलं आणि दुधाची सवय लागली. तो चांगला गलेलठ्ठ झाला. आबा घरापासून रानापर्यंतचं जेमतेम हाकेचं अंतर दमणीत बसून जायचे, हिसका बसू नये म्हणून गादी घालून, आणि उतरून चेंडू बाभळीत घालवायचे. साहेबाच्या कारकुनाने कधीतरी हसत हसत उलगडा केला, की ड्रायव्हर म्हणजे ती काठीच. तेव्हा आबांनी मास्तरांना काही म्हटलं नाही, रहीमचं दूध तेवढं बंद केलं.

मग सुरू झाले बाकीचे उपाय. कोणी म्हणालं डोकं हलतं, तर आबा मानेत उपरणं घालून त्याचं टोक मागे खुंटीला बांधून काठी फिरवीत. एकदा गळा आवळून डोळे पांढरे झाले. कोणी म्हणालं मनगट कच्चं, तर तालमीत जाऊन मुद्गल फिरवले आणि आठ दिवस हात वर होईना म्हणून मायच्या हातून भाकरीचे घास खाल्ले. कोणी म्हणालं पाय सरकतात, तर अनवाणी. एक दिवस जवळ उभे राहात, दुसऱ्या दिवशी लांब. आज मूठ घट्ट, उद्या सैल. याने झालं काय, की आधी बिचारा चेंडू रोज एकाच बाभळीत जात होता, तो आता कधी विहिरीत, कधी उकिरड्यावर, कधी जागेवरच. फुई म्हणाली, "मोगरीले दीठ लागनी शे." तिने मूठभर सुक्या मिरच्या आणि मीठ मोगरीवरून उतरवून चुलीत टाकलं. घरभर धूर झाला, सगळे खोकत अंगणात पळाले, शेजारपाजारचे बघायला आले. आणि त्या खोकणाऱ्या गर्दीत आबा मोगरी छातीशी धरून उभे. माणसाने किती हास्यास्पद व्हावं याला आमच्या घरात त्या वर्षी सीमा राहिली नव्हती.

आणि उपाय समोर दिसत होता. मला दिसत होता, मग कोणालाही दिसला असता. आमचा चांद्या नावाचा बैल उजवीकडे ओढायचा. त्याला मारून, दटावून काही होत नसे. स्वतः आबाच त्याला नांगराला जुंपलं की रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, डावीकडे भार देत आणि नांगराचं तास, म्हणजे ती चर, सुतासारखं निघे. ज्या माणसाला वाकड्या बैलाकडून सरळ तास काढता येतं, त्याला हे कळू नये, की रोज उजवीकडेच जाणारा चेंडू हा मुळी बेभरवशाचा नाहीच. तो चांद्यासारखा आहे, आपणच तोंड डावीकडे करून उभं राहावं? पण हातात साहेबाची वस्तू आली की आबा शेतकरी राहत नसत. मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघायची आणि तोंड मिटून राहायची. आज कोणी विचारलं तर सांगते, त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

आबांना ते कळलं ते अकलेने नाही, भांडणाने. रानाच्या डाव्या हाताला आमचा गोठा. माय तिथे शेण काढत होती. सगळे उपाय थकल्यावर आबा पुन्हा पहिल्यासारखं मारू लागले होते आणि त्यांचे दोन टोले बाभळीत गेले होते. तिसऱ्यासाठी ते उभे राहिले आणि माय गोठ्यातूनच म्हणाली, "बाभूयना झाडले आते चेंडूच लागतीन." बरोबरच्या बाया हसल्या. आबा भडकले. गोठ्याकडे तोंड करून त्यांनी तिला शुद्ध भाषेत सुनावायला सुरुवात केली, "तुला काही अक्कल आहे का? चारचौघांत नवऱ्याशी," आणि रागाच्या भरात तसेच तिरपे उभे असताना चेंडू हाणला. चेंडू गोठ्याच्या रोखाने सुटला, माय खाली वाकली, आणि तो हवेत उजवीकडे वळत वळत जाऊन बरोबर पळसापाशी पडला. आबांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते पळसाकडे बघत होते, मग गोठ्याकडे, मग पुन्हा पळसाकडे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. त्यांना चांद्या आठवला होता.

त्यानंतर रोज सकाळी आबा गोठ्याकडे तोंड करून उभे राहत आणि चेंडू पळसाखाली पडे. दुसऱ्या कशाला त्यांनी हात लावला नाही; मूठ तीच, पाय तेच, डोकं जाग्यावर. दिवसामागून दिवस एकच टोला. मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते, पण देवांनाही बहुधा साहेबाची भीड पडली असावी. त्या वर्षी मायने वावरातली मिरची रोजच्यापेक्षा सावकाश खुडली. बी राखायची मिरची बाजूला काढताना एकदा ती थांबली आणि मला म्हणाली, "हाई बी कोठे लावसू आते?" मी रडले आणि ती माझ्यावरच ओरडली.

साहेबाचा तळ पडला आणि आबांनी दिवस ठरवला. गावातले चार जण बोलावले. उखा आप्पा त्यांतले सगळ्यांत वडील. त्यांना लांबचं फारसं दिसत नसे, पण डोळ्यांवर हात आडवा धरून बघायची ऐट अशी, की जणू सातपुडा मोजताहेत. बाकीचे तिघे आप्पा म्हणतील त्याला ‘बरोबर’ म्हणायला आलेले. साहेबासाठी खुर्ची, बाजूला मास्तर. बाया रानाच्या कडेला पदर ओढून उभ्या, त्यांत माय. आबांनी पांढरा फेटा बांधला होता. त्यांनी चिमूटभर ओल्या मातीचा उंचवटा केला, त्यावर चेंडू ठेवला, गोठ्याकडे तोंड केलं. लोकांत कुजबुज झाली की हा तिकडे कुठे बघतोय. टोला बसला. चेंडू गोठ्यावरून गेला, वळला, पळसाखाली पडला. दुसरा तसाच. तिसरा तर पहिल्या दोघांच्या शेजारी, अंडी घातल्यासारखा. साहेबाने टाळ्या वाजवल्या, म्हणाला, "उत्कृष्ट!" आबांनी पहिल्यांदा बाभळीकडे न बघता काठी खाली ठेवली आणि चौघांकडे वळले.

उखा आप्पांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "चेंडू गोठाकडे गयथा ना?" आबा म्हणाले, "हो, पण पडला पळसाशी." आप्पांनी मान हलवली. "तास वाकडं गयं आनि शेवटले बरोबर बांधले पोचनं, ते त्याले कोन सरळ म्हनी? मन्हा पोऱ्यानी अशी पेरानी पाभर हाकी तर मी त्याले वावरमाथून काढी दिसू." बाकीचे तिघे म्हणाले, "बरोबर शे." आबा समजावू लागले की या खेळात असं नसतं, चेंडू कुठे पडतो ते बघायचं असतं. आप्पा म्हणाले, "बाई काय बोलनी व्हती? सरळ जाऊ द्या बोलनी व्हती. सरळ पडू द्या बोलनी नही." गोल्फमधलं त्या म्हाताऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं. जगातल्या कुठल्याही मैदानावर आबा जिंकले असते. आमच्या रानात ते हरले, कारण आमच्याकडे सरळ म्हणजे पहिल्या ढेकळापासून शेवटच्या ढेकळापर्यंत सरळ.

मास्तरांनी साहेबाला निकाल सांगितला. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. खेळाची गंमत त्याची असेपर्यंत गंमत. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "पाटील, कागदोपत्री शेत तुमच्याच नावावर आहे. मग हा पोरखेळ कशासाठी? शेत घ्या आणि विषय संपवा." सगळे आबांकडे बघू लागले. मला काही बघायची गरज वाटत नव्हती. ज्या माणसाला मी रिकीब धरताना पाहिलं होतं तो काय म्हणणार हे मला पाठ होतं. मायनेही पदर आणखी पुढे ओढला. आबांनी खाली ठेवलेली काठी उचलून तिच्या गड्ड्यावरची माती अंगठ्याने काढली. मग साहेबाकडे न बघता म्हणाले, "वावर तिनं शे, सायेब."

साहेबाला कळलं नाही. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एरवी एका वाक्याची तीन करीत, या वेळी चाचरत म्हणाले, "शेत बाईंचे आहे, असे ते म्हणतात." साहेब उठला आणि तंबूकडे चालू लागला. त्याचा घोडा रानाच्या कडेला होता, पण रिकीब धरायला आबा पुढे झाले नाहीत. पुढे ऑनररी मॅजिस्ट्रेट दुसराच कोणी झाला. आबांना त्यानंतर खेळायला बोलावणं आलं नाही. मी इतकी वर्षं त्यांचा मनापासून तिरस्कार करीत आले, आणि या एका दिवसापाशी आले की माझा हिशेब चुकतो, याचा मला फार संताप येतो.

संध्याकाळी फुई देवापाशी बसली होती. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, वांग्याचं भरीत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. आबा खाली मान घालून जेवत होते. मी त्यांच्या समोर बसले होते आणि मायने काहीतरी जिंकल्यासारखं बोलावं, निदान एकदा हसावं, म्हणून वाट बघत होते. आबांनीच आधी तोंड उघडलं. "अवंदा काय लावशी वावरमा?" आमच्या घरात आबांनी मायला काही विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मिरचीच लावसू. दुसरं काय?" मग तिने भाकरी त्यांच्या ताटात टाकली, आणि चुलीकडेच बघत म्हणाली, "चेंडू मातर बरोबर पडना व्हता. तिन्ही डाव."

आबांचा घास हातातच राहिला. मग ते हसले, आवाज न करता, खांदे हलवीत, आणि माय चुलीपाशी पदराने तोंड पुसू लागली. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला. वर्षभर मी तिच्यासाठी बापाशी वैर धरलं, आणि या बाईने एका भाकरीबरोबर सगळं देऊन टाकलं. मी ताट सारून उठले. दोघांपैकी एकानेही मला बस म्हटलं नाही.